जुळे सोलापुरात राहून डिमसम आणि चायनीज बेकरीचे बन कसे शोधायचे

जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड, नाहीतर पार शेळगीकडं राहताय, मोबाईलवर बांबूच्या डब्यातले ते पातळ सालीचे, आत सारण भरून वाफवलेले डिमसम बघून तोंडाला पाणी सुटलंय, आणि कुणाला विचारावं तर जो तो कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीकडं बोट दाखवतो, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. हाँगकाँगला असतं तसं सकाळी सातला उघडणारं, ट्रॉलीवर टोपल्या फिरवणारं टी-हाऊस इथं शोधायला निघू नका, हात हलवत परत याल. पण डिमसमच्या घराण्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या गावात मिळतात, काही ऑर्डर देऊन करून घेता येतात आणि एकदोन तर घरी इतक्या झकास होतात की बाहेर जायचा कंटाळा येतो. फक्त शोधायची पद्धत बदला. पाट्या वाचत फिरू नका, वाफेचं भांडं शोधा. माझं सगळं सांगणं त्या भांड्याभोवतीच आहे.

पाट्या का नको ते सांगतो. आपल्याकडची चायनीजची गाडी म्हणजे कढई, मोठ्ठा जाळ, नूडल्स, राईस, मंचुरियन. हे खाणं मुळात भारतातच तयार झालंय. कलकत्त्यात हाक्का चिनी लोकांची जुनी वस्ती, टांगरा भागात त्यांचे चामड्याचे कारखाने होते आणि पुढं तिथंच हॉटेलं निघाली, तिथून हे खाणं देशभर पसरलं. चिकन मंचुरियन तर मुंबईत १९७५ च्या सुमाराला नेल्सन वांग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं असं सांगतात, आलं लसूण हिरवी मिरची आपलीच, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. डिमसमचा गाव वेगळा, ते चीनच्या दक्षिणेकडचं, ग्वांगडाँग प्रांत आणि हाँगकाँगचं, सकाळी चहासोबत खायचं, आणि त्यातलं बरंचसं वाफेवरचं. म्हणजे कढईवाल्याकडं डिमसम मागणं चुकीचं नाही पण त्याच्याकडं ते भांडंच नसतं, मग तो बिचारा फ्रीझरमधलं कायतरी काढून तळून देतो आणि वर मंचुरियनची ग्रेव्ही ओततो.

आता काय शोधायचं. डिमसममध्ये शेकड्यानं प्रकार आहेत पण चार ओळखले तरी काम भागतं. हार गाव म्हणजे कोलंबी भरलेलं, साल काचेसारखी अर्धपारदर्शक. शुमाई म्हणजे वरून उघडं, पिवळसर सालीची वाटी आणि आत दाबून भरलेलं सारण, मूळचं पोर्क आणि कोलंबीचं, आपल्याकडं चिकनचं करतात. बाओ म्हणजे यीस्ट घालून फुगवलेला वाफवलेला पांढराशुभ्र बन, आत गोडसर मांस किंवा भाजी. आणि चाँग फन म्हणजे तांदळाच्या पिठाचं पातळ घावन वाफेवर करून गुंडाळलेलं, वर गोडसर सोया सॉस. सोलापुरात यातलं गाडीवर काय मिळेल तर बहुतेक काहीच नाही, गाडीवर मिळतो तो मोमो. मोमो तिबेट नेपाळकडचा, डिमसमचा सख्खा भाऊ नाही तर चुलतभाऊ म्हणा, साल मैद्याची, जरा जाड, सोबत लाल तिखट चटणी. पण सुरुवात तिथूनच करायची, कारण ज्याच्याकडं चाळण्यांचं उंच भांडं आहे त्यालाच बाकीचं विचारता येतं.

मॅपवर शोधताना नुसतं 'चायनीज' टाकलंत तर गावातल्या सगळ्या गाड्या येतील आणि तुमचं डोकं फिरेल. मोमो, डंपलिंग, बाओ, डिमसम असं वेगवेगळं टाकून बघा, डिमसम एकदा जोडून आणि एकदा तोडून, कारण हॉटेलवाले इंग्रजीत स्पेलिंग मनाला येईल तसं लिहितात. मग स्टार किती आहेत ते सोडा, फोटो बघा, त्यातही मालकानं टाकलेले नाही, ते इंटरनेटवरून उचललेले असायची शक्यता भरपूर, गिऱ्हाईकांनी टाकलेले बघा. फोटोत खाली स्टीलची नेहमीची प्लेट दिसतीय, टेबलावर रेक्झिन दिसतंय, मोमोची एखादी कळी फाटलेली आहे, म्हणजे खरा फोटो. तारीखपण बघा, दोन वर्षांपूर्वीचा फोटो असेल तर ती गाडी आता तिथं असंल याची गॅरंटी नाही, मोमोवाले फार जागा बदलतात. झोमॅटो स्विगीवर मेनू उघडून 'स्टीम' शब्द शोधा. ज्या मेनूत दोनशे पदार्थ आहेत, पावभाजीपासून पिझ्झापर्यंत, आणि मधेच डिमसमची एक ओळ आहे, तिथलं डिमसम पाकिटातलं आहे असंच धरून चाला.

मॅपपेक्षा भारी मार्ग म्हणजे पोरं कुठं जमतात ते बघणं. मोमो हे कॉलेजच्या पोरापोरींचं खाणं आहे, त्यामुळं सात रस्त्याच्या आसपास, अशोक चौकात वालचंद कॉलेजच्या बाजूला, कोचिंग क्लास सुटतात त्या गल्ल्या, लेडीज हॉस्टेलच्या जवळ, संध्याकाळी सहानंतर एक चक्कर मारा. दुसरं म्हणजे बाहेरगावची माणसं राहतात तो भाग. होटगी रोडच्या पुढं फताटेवाडीला एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे, तिथं देशभरातले लोक नोकरीला, तसंच रेल्वे लाईन्स, मेडिकल कॉलेजचा परिसर. बंगाल, ओडिशा, ईशान्येकडचा माणूस जिथं उभा राहून खातोय आणि दुसरी प्लेट मागतोय तिथं तुम्हीपण उभे राहा, विचारायचीसुद्धा गरज नाही. आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा होम मैदानावर खाण्याच्या स्टॉलमधून एक फेरी मारा, बाहेरून आलेला एखादा स्टॉलवाला भलतंच काहीतरी घेऊन येतो.

गाडीवर गेल्यावर लगेच ऑर्डर देऊ नका, दोन मिनिटं बाजूला उभं राहून बघा. ॲल्युमिनियमचं तीन चार मजली भांडं असतं, खाली पाणी, वर भोकाच्या चाळण्या. झाकण उचलल्यावर वाफ भसकन तोंडावर आली पाहिजे, नुसतं कोमट धुकं आलं तर खालचा गॅस बारीक करून माल तसाच ठेवलेला आहे. ताज्या मोमोची साल ओलसर चकाकते, बोटानं दाबली की परत वर येते, आणि कळ्यांच्या टोकाला साल जरा जास्त घट्ट लागते. तास दोन तास आत राहिलेला मोमो पिवळट पडतो, बूड पाण्यात बसून चिकट झालेलं असतं, चिमट्यानं उचलला की बूड चाळणीलाच राहतं आणि सारण खाली पडतं. असा मोमो गाडीवाला बरोब्बर फ्राय किंवा तंदुरीत घालतो, त्यामुळं कुरकुरे मोमो, तंदुरी मोमो, ग्रेव्ही मोमो ही सगळी भानगड पहिल्या भेटीत टाळा. खायचा तर स्टीमच, कारण स्टीममध्ये काही लपवता येत नाही.

बोलायचं कसं तेपण सांगतो, कारण विचारायची पद्धत चुकली की गाडीवाला तोंड वाकडं करतो. "ताजं आहे का" हा प्रश्न बाद, त्याला "नाही" असं उत्तर आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. असं म्हणा, "दादा, स्टीमची एक प्लेट, नवीन चढवा की, मी थांबतो, घाई नाही." दहाबारा मिनिटं लागतील, लागू द्या. मग गप्पा मारत विचारा, "पारी तुम्हीच लाटता का तयार येतात?" यात कमीपणा काही नाही, पुष्कळ जण फ्रोझन मालाचं पाकीट घेतात, आणि सरळ सांगूनही टाकतात. ओळखायचं असेल तर प्लेटमधले सगळे मोमो शेजारी ठेवून बघा, सगळ्यांच्या कळ्या मोजून सारख्या, आकार अगदी छापल्यासारखा, म्हणजे मशीनचे. हातानं केलेल्यात एखादा पोट सुटलेला, एखादा वाकडा असतोच. हातानं करणारा माणूस सापडला तर नंबर घेऊन ठेवा, पुढं कामाला येतो. अशा माणसाला आदल्या दिवशी सांगितलं की तो साल पातळ लाटून देतो, वरून उघडे शुमाईसारखे करून देतो, तीसचाळीस नग एकदम घेणार असाल तर आनंदानं देतो. गावात डिमसम खायचा सगळ्यात स्वस्त रस्ता हाच.

चटणीचं एक. ती लाल मोमो चटणी डिमसमसोबत जात नाही, लसूण मिरची इतकी जोरात असते की आतलं काय ते कळतच नाही. सोया सॉस, थोडं व्हिनेगर आणि तिखट तेल एवढं पुरतं. आणि तिखट तेलाला आपल्याकडं आयतं औषध आहे, सोलापूरची शेंगा चटणी. दोन चमचे चटणीवर गरम तेल ओता, थंड झालं की थोडा सोया आणि व्हिनेगर घाला. चीनमध्ये शेंगदाणे घातलेलं मिरचीचं तेल बाटलीत मिळतंच, त्यामुळं हे काही अघोरी नाही. पाहुण्यांना बिनधास्त द्या, रेसिपी विचारतात.

उन्हाळ्याबद्दल मात्र जरा गंभीरपणे ऐका. एप्रिल मे मध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, आणि चिकनचं कच्चं सारण गाडीवर डब्यात ठेवलेलं असतं. सारण बर्फात आहे का, आईसबॉक्स आहे का हे डोळ्यानं बघा, नसेल तर व्हेज घ्या नाहीतर घरी जाऊन भाकरी खा. श्रावणात बऱ्याच गाड्यांवर नॉनव्हेजची विक्री पडते, मग चिकनचा माल तसाच पडून राहतो, त्या महिन्यातही व्हेजच बरं. व्हेज खाणाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यायचं, ऑयस्टर सॉस घातलाय का. तो कालवांपासून करतात आणि कोबी मशरूमच्या सारणातही सर्रास पडतो, मुद्दाम नाही, चवीसाठी. आणि एकाच भांड्यात वर चिकन आणि खाली व्हेजची चाळणी असेल तर वरचं पाणी खाली गळतं, ज्यांना चालत नाही त्यांनी व्हेज वरच्या मजल्यावर ठेवायला सांगा.

एसी हॉटेलांमध्ये मेनूवर डिमसम दिसतं, बांबूच्या टोपलीत चार किंवा सहा नग येतात, गाडीपेक्षा बरेच महाग. पैसे टाकण्याआधी वेटरला विचारा, "साल मैद्याची का स्टार्चची?" त्याला माहीत नसेल तर आत जाऊन विचारून येतो, आणि आत कुणी नीट उत्तर दिलं तर समजा तिथं करणारा माणूस आहे. स्टार्चची साल म्हणजे क्रिस्टल डिमसम, आतलं गाजर, मका, पालक बाहेरून दिसतं. मैद्याच्या सालीला डिमसम म्हणून दुप्पट दर लावला असेल तर तो गाडीवरचाच मोमो, टोपली बांबूची. टोपलीत खाली कोबीचं पान किंवा भोकाचा कागद घातलाय का बघा, नसेल तर साल चिकटून फाटणार हे नक्की. दुपारी साडेबारा एकला जा, रात्री नऊच्या गर्दीत किचनला वाफेसाठी थांबायला वेळ नसतो आणि मायक्रोवेव्हमधून येतं. मायक्रोवेव्हचं लगेच कळतं, कडा कडक आणि मधे चटका बसेल इतकं गरम.

फ्रोझन पाकिटं सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये मिळतात, वाईट नसतात. पाकीट हातात घेऊन हलवा, आतले नग सुटे खडखडले तर घ्या, सगळा एकच गोळा झाला असेल तर मधे कधीतरी वितळून परत गोठलेलं आहे, अशाची साल उकलते. हिरवा गोल का तपकिरी त्रिकोण ते बघा. आणि जुळे सोलापूरला घर असेल तर नवी पेठेतून दुपारच्या उन्हात पाकीट स्कूटरच्या हुकला लटकवून आणू नका, थर्मोकोलचा डबा नाहीतर निदान चार घड्या केलेली चादर गुंडाळा, चादरीला काय आपल्याकडं तोटा आहे. घरी वाफवताना वितळू द्यायचं नाही, गोठलेलेच भांड्यात.

आता बेकरी, हा माझा जास्त आवडीचा विषय. चायनीज बेकरी म्हणजे हाँगकाँगच्या गल्लीतली, काचेच्या कपाटात गरम बन ठेवणारी. तिथले मोठे मानकरी तीन. पायनॅपल बन, ज्यात अननसाचा पत्ता नसतो, मऊ बनवर साखर लोण्याचं बिस्किटासारखं कवच असतं आणि भाजताना ते तडकून अननसाच्या सालीसारखं दिसतं. कॉकटेल बन, आत खोबरं साखर लोणी, हा म्हणे हाँगकाँगच्या एका बेकरीत १९५० च्या दशकात न खपलेले बन वाया जाऊ नयेत म्हणून निघाला, शिळे बन कुटून खोबरं साखर घालून परत नव्या बनात भरले. आणि एग टार्ट, अंड्याचं कस्टर्ड भरलेली छोटी वाटी. मकावमध्ये त्याचा पोर्तुगीज वळणाचा प्रकार आहे, वरून काळपट डाग पडलेला, तो १९८९ पासून अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रज माणसाच्या बेकरीनं गाजवला.

सोलापुरात या नावानं काही मागू नका, काउंटरवरचा माणूस पायनॅपल पेस्ट्री काढून देईल, अगदी मनापासून देईल. त्याऐवजी वस्तूचं वर्णन करा. खोबरं भरलेला गोड बन आपल्या अय्यंगार पद्धतीच्या बेकऱ्यांमध्ये असतोच, दिलपसंदमध्येही खोबरं टुटीफ्रुटी असते. कॉकटेल बनच्या जवळचं काही खायचं असेल तर खोबऱ्याचा बन घ्या, पण भट्टीतून निघाल्यावर तासाभरात. "भट्टी कधी निघते?" हा एक प्रश्न प्रत्येक बेकरीत विचारून मोबाईलमध्ये लिहून ठेवा, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि त्या वेळेला गेलात तर जो साधा बन तुम्ही आयुष्यभर दुर्लक्षित केला तोच भारी लागतो. बन चिमटीत दाबून बघा, हळूहळू वर आला पाहिजे, दाबलेलाच राहिला तर कालचा, आणि फाडल्यावर धागे निघाले पाहिजेत, चुरा नाही.

तो चायनीज बेकरीचा कापसासारखा, तीन दिवस मऊ राहणारा पाव मात्र साध्या बेकरीत मिळायचा नाही, त्याची युक्ती वेगळी आहे. मैद्याचा थोडा भाग पाचपट पाण्यात किंवा दुधात कालवून ६५ डिग्रीपर्यंत शिजवतात, खिरीसारखं घट्ट होतं, त्याला तांगझाँग म्हणतात, ते गार करून कणकेत मळतात. शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं म्हणून पाव मऊ. हे येणाऱ्या बायका आपल्या गावात आहेत, घरून केक करणाऱ्या. कुणाला विचारायचं ते ओळखायची खूण सांगतो, ज्यांच्या इन्स्टावर कोरियन क्रीम चीज गार्लिक बन किंवा मिल्क ब्रेड दिसतो त्यांना मेसेज करा, फक्त फोटोवाले बर्थडे केक करणाऱ्यांना नको. "ताई, मिल्क ब्रेडच्याच कणकेचे आठ बन करा, वर नानकटाईच्या पिठाची पातळ चकती ठेवा आणि सुरीनं चौकटी पाडा," एवढं सांगितलं की झाला पायनॅपल बन, कारण ते कवच म्हणजे मैदा, साखर, लोणी हेच. त्यात कस्टर्ड पावडर चमचाभर घालायला सांगा, रंग येतो. अंडं चालतं का नाही ते पहिल्या मेसेजमध्येच लिहा. आपल्याकडं बऱ्याच जणी पूर्ण एगलेस किचन ठेवतात, बन एगलेस होतो, एग टार्ट होत नाही, उगाच आग्रह करू नका. मध्यमवर्गीय सोसायटीत एकट्यासाठी कुणी ओव्हन लावणार नाही, त्यामुळं अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाका, चारपाच घरं मिळून डझन दोन डझनाची ऑर्डर झाली की दरही नीट लागतो.

एग टार्टचा माझा रस्ता असा. बेकरीत खारी भाजायच्या आधीचे कच्चे लेयर असतात, ओळखीच्या बेकरीवाल्याला "मामा, खारीचं कच्चं पीठ पावकिलो द्या की, पैसे देतो" म्हणा, बहुतेक देतात. ते पातळ लाटून छोट्या साच्यात बसवायचं. दोन अंडी, ऐंशी ग्रॅम साखर गरम पाण्यात विरघळवून गार केलेली, शंभर मिली दूध, थोडा व्हॅनिला, फेस न काढता कालवायचं आणि गाळून घ्यायचं, गाळलं नाही तर वर बुडबुडे राहतात. साच्यात पाऊण भरून २०० डिग्रीला वीसएक मिनिटं, मधला भाग किंचित डुगडुगत असतानाच बाहेर. खारीत डालडा असतो त्यामुळं टाळूला थोडं चिकटतं, ज्यांना लोण्याचं पाहिजे त्यांनी फ्रोझन पफ शीट आणा.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. हार गावची काचेसारखी साल कशाची असते माहितीय का, गव्हाच्या स्टार्चची. म्हणजे आपला कुरडईचा चीक. हो, तोच. आई काकू मावशी उन्हाळ्यात तीन दिवस गहू भिजवतात, रोज पाणी बदलतात, वाटून पिळून गाळतात आणि रात्रभर ठेवल्यावर पातेल्याच्या तळाला जो पांढराशुभ्र घट्ट थर बसतो, तो. ऑनलाईन व्हीट स्टार्च शोधत बसून किलोला भलते पैसे देण्यापेक्षा कुरडया घालायच्या दिवशी हात जोडून वाटीभर चीक शिजवायच्या आधी मागून घ्या. वरचं पिवळट पाणी आणि मऊ थर काढून टाका, खालचा पांढरा तेवढा ठेवा, एकदोनदा स्वच्छ पाण्यात ढवळून परत बसू द्या म्हणजे आंबूस वास जातो. मग सुती कापडावर पसरून वाळवा, हातानं चुरून चाळा. डब्यात भरून ठेवलं की वर्षभर टिकतं. घरात "पोरगं बिघडलं" असं ऐकून घ्यावं लागेल तेवढी तयारी ठेवा.

शंभर ग्रॅम हे पीठ, पन्नास ग्रॅम टॅपिओका स्टार्च, चिमूटभर मीठ. टॅपिओका म्हणजे साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याचंच, पण उपासाचं साबुदाणा पीठ घेऊ नका, ते आधीच अर्धवट शिजलेलं असतं, चिकट होतं. दीडशे ते एकशेऐंशी मिली पाणी, आणि ते खदखदतं पाहिजे, नुसतं गरम चालत नाही, एकदम ओतायचं, चमच्यानं भराभर हलवायचं, झाकून पाच मिनिटं. मोदकाची उकड काढता तशीच ही उकड, मग चमचाभर तेल लावून चटका सोसत मळायचं. मळता मळता एकाएकी गोळा गुळगुळीत होतो, हाताला लागायचा थांबतो, तेव्हा थांबा. लिंबाएवढे नाही, सुपारीएवढे गोळे करा, बाकीचे ओल्या फडक्याखाली, उघडे राहिले तर लगेच कडा फुटतात. लाटण्यापेक्षा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून पुरीच्या प्रेसनं दाबा, कडेला जरा जास्त.

सारणाला कोलंबी पाहिजे तर फ्रोझन घ्या, समुद्र आपल्यापासून लांब आणि बाजारात उजनीची मासळी असते, रोहू कटलाचं हे काम नाही. नाहीतर मशरूम, मका, पातीचा कांदा, आलं, तिळाचं तेल थोडं, परतून कोरडं आणि पूर्ण गार करून. गरम सारणानं साल फाटते. इडलीपात्राला तेल लावून किंवा कोबीची पानं पसरून, पाणी जोरात उकळायला लागल्यावरच आत ठेवायचं. व्हेजला पाच मिनिटं, कोलंबीला सहासात. झाकण काढल्या काढल्या साल पांढरी आणि लिबलिबीत दिसते, तेव्हा हात लावू नका, दोन मिनिटं थांबलं की डोळ्यादेखत आतलं दिसायला लागतं आणि न फाटता उचलता येतं. सोबत बिनदुधाचा चहा घ्या, मोगऱ्याच्या वासाची जस्मिन टी मिळाली तर उत्तमच, दुधाचा उकळलेला चहा यावर अजिबात जात नाही.

आणि एकदा तरी अस्सल चाखून या, म्हणजे घरी काय जमतंय याचा अंदाज लागतो. मुंबईला काम काढून जाणारच असाल तर रात्रीची सिद्धेश्वर आहे, सकाळची वंदे भारत आहे. कुलाब्याला रिगल सिनेमाच्या मागं लिंग्ज पॅव्हेलियन आहे, मुंबईतल्या चिनी कुटुंबाचं जुनं हॉटेल, आणि बीकेसीला म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात यौआचा नावाचं हॉटेल, तिथलं डिमसम नाजूक आणि बिल तितकंच जड. कलकत्त्याला जाणं झालं तर टिरेट्टा बाजारात सकाळी सहासातलाच पोचा, रस्त्यावर गरम बाओ, शुमाई, फिश बॉलचं सूप मिळतं, नाश्त्याचा बाजार आहे, उशिरा गेलात तर रिकामा रस्ता बघून यावं लागतं.

पार्सल आणलेलं किंवा उरलेलं गरम करताना मायक्रोवेव्ह नको, परत इडलीपात्रात तीन मिनिटं. सालीचं बूड कडक झालंच असेल तर तव्यावर चमचाभर तेल टाकून बुडावर ठेवा, खाली रंग आला की पाववाटी पाणी ओतून झाकण, पाणी आटेपर्यंत. चीनमध्ये हा प्रकार मुद्दाम करून खातात, त्यामुळं शिळं दिलंय असं कुणाला वाटत नाही.